तरतरी चहाची बैठक

बाबा कायमचे घरी बसले आणि महिन्याभरात आईने स्वयंपाकघराला आतून कडी लावायला सुरुवात केली. रसायनीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस आधी झोप भरून काढतो, मग पंखे पुसतो आणि मग डबे उघडून बघायला लागतो. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत पंखे दोनच होते, त्यामुळे बाबा फार लवकर डब्यांपर्यंत पोहोचले. डाळींच्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. तूरडाळ कुठली आणि मूगडाळ कुठली हे आईला लग्नाआधीपासून कळत होतं, पण आता ते लेखी झालं. याद्या करायची माझी खोड त्यांच्याकडून आली असं सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. माझ्या यादीतली कामं होतात.

डब्यांनंतर काय, हा प्रश्न समोरच्या दारातून सुटला. समोर खाला राहायच्या, मूळ उरणकडच्या. त्यांचे मियाँ कुवेतला असत आणि सुट्टीवर आले की त्यांच्या घरी बिनदुधाचा चहा उकळे: लवंग, वेलची, मिरी, वरून लिंबू. एका दुपारी बाबा त्यांच्याकडे गॅसची नळी आवळायचा पाना परत द्यायला गेले आणि तासाभराने परत आले ते वेगळेच होऊन. "एक घोट घेतला," ते म्हणाले, "आणि डोळ्यांवरची झापड उडाली. ही खरी तरतरी!" आई म्हणाली, "जेवल्यापासून चहापर्यंत झोपलेल्या माणसाची झापड पाण्यानेही उडते." पण शोधकांना घरातले लोक कधीच समजून घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबांनी पनवेलच्या बाजारातून सुंठ, मिरी, दालचिनी, पिंपळी अशी पिशवीभर सामग्री आणली आणि आमच्या घरी तरतरी चहाचं युग सुरू झालं.

मिक्सरला बंदी होती. मिक्सरने मसाला तापतो आणि त्याचा स्वभाव बदलतो, असा बाबांचा सिद्धांत. म्हणून माळ्यावरचा लोखंडी खलबत्ता खाली आला आणि सकाळी नळाला पाणी येण्याआधीपासून आमच्या इमारतीत ठण्-ठण् सुरू झालं. तळमजल्यावरच्या देशपांडेकाकांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, "वर काही फोडताय का?" दुसऱ्या आठवड्यात ते आवाजाबरोबर उठून फिरायला जायला लागले आणि बाबांनी हा तरतरीचा पहिला परिणाम म्हणून जाहीर केला. आमच्या जेवणाचं म्हणाल तर वरणाला लवंगेचा वास, भाताला दालचिनीचा आणि केळ्याच्या शिकरणाला कशाचा ते कोणालाच ओळखता आलं नाही. एका मिश्रणात त्यांनी जायफळ घातलं. आईने शांतपणे सांगितलं, "जायफळ तान्ह्या बाळाला झोपवायला उगाळतात." त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी अंगात स्फूर्ती येण्यासाठी तो चहा घेतला आणि साडेआठच्या बातम्या कोणीच पाहिल्या नाहीत.

रोज संध्याकाळी चव घेण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, त्यामुळे घरात माझं मत विचारलं जाणं हा मोठाच मान होता. "तिखट आहे" म्हटलं की बाबा म्हणत, "म्हणजे जागं करतोय." "कडू आहे" म्हटलं की, "म्हणजे पत्ती दमदार." एकदा वैतागून म्हटलं, "दूध घालून बघू या?" तर त्यांनी माझ्याकडे कारखान्यातल्या चोराकडे बघावं तसं बघितलं. "दूध घातलं की तरतरी मरते," ते म्हणाले. हे वाक्य नंतर आमच्या घरात मंत्रासारखं रोज कानावर येत राहिलं. आज माझी मुलगी काळ्या रंगाच्या देखण्या डब्यातून असलाच मसाल्याचा काळा चहा घरपोच मागवते. डब्यावर लिहिलेलं असतं की हा घेतल्यावर उत्साह संचारतो आणि दूध घालू नये. ती डोळे मिटून घोट घेते आणि म्हणते, "शेवटी दालचिनी जाणवते." आमच्याकडे दालचिनी सुरुवातीलाच जाणवायची, तीही दातात अडकल्यावर.

आता या चहाच्या मागे काय होतं ते सांगायला हवं, कारण नुसत्या चहासाठी कोणी इतका खलबत्ता कुटत नाही. आमचं मूळ घर आपट्याला, पाताळगंगेच्या काठी. तिथे बाबांचे थोरले भाऊ, आमचे काका, राहायचे. नोकरी सोडायचं बाबांनी ठरवलं तेव्हा काकांनी गणपतीच्या आरतीनंतर, सगळ्या भावकीसमोर, टाळ खाली ठेवता ठेवता सांगितलं होतं, "बारक्याला काम सोडून बसू देव नका. त्याच्या हातून दुसरा काय व्हनार नाय." बाबा प्रसाद न घेता उठले. त्यानंतर दोन गणपती आले आणि गेले. आपट्याला मोठी मूर्ती बसली, आमच्याकडे टीव्हीच्या जागी छोटी, आणि दोन भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. "तो आधी माझ्या दारात येईल, मग मी त्याच्या," बाबा म्हणत. तिकडे काकाही शब्दशः हेच म्हणत असल्याची खबर येई. सख्खे भाऊ असल्याचा याहून भक्कम पुरावा नसावा. या सगळ्यात हाल आईचे. तिला जाऊबाईंची, म्हणजे काकींची, फार सवय होती. वर्षभराचा मसाला आणि पापड दोघी मिळून करायच्या. आता ती एकटीच पापड लाटायची आणि मोडका निघाला की बाबांच्या ताटात वाढायची.

तर बाबांना दादाला दाखवून द्यायचं होतं. चहा आधी कॉलनीत गाजणार, मग पनवेलच्या दुकानात लागणार, मग कोणीतरी पुडा आपट्याला घेऊन जाणार, आणि मग काका धावत दारात येणार, असा एकूण कार्यक्रम होता. त्यातला पहिला टप्पा म्हणून एका रविवारी सकाळी चव घ्यायची बैठक ठरली. इमारतीतल्या सगळ्यांना आमंत्रण गेलं. आई म्हणाली, "अहो, माणसं बोलावून कोरा चहा पाजायचा? आपल्यात कोरा चहा कधी करतात, आठवतंय ना?" आठवत नसायला काय झालं! आपट्याला ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही, दूध येत नाही. शेजारचं कोणीतरी कोऱ्या चहाचं पातेलं आणून ठेवतं आणि आलेली माणसं खाली बसून तो मुकाट पितात. बाबा म्हणाले, "हे नवीन पनवेल आहे. इथे मयताच्या घरीसुद्धा क्रीमची बिस्किटं देतात."

बैठकीचे नियम बाबांनी आखले आणि मान्य करावं लागेल की एकेका नियमाला चांगलं कारण होतं. सकाळपासून घरात फोडणी पडायची नाही, कारण वास मिसळतो. म्हणून नाश्ता नाही, जेवणही नाही. कॉट आणि खुर्च्या गॅलरीत काढून खाली पांढऱ्या चादरी अंथरायच्या, कारण पांढऱ्यावर चहाचा रंग खरा दिसतो. घोट घेताना बोलायचं नाही, कारण बोलण्याने जीभ भरकटते. चपला बाहेर. दार उघडं, म्हणजे वास कोंडत नाही. फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचा, कारण ऐन चवीत घंटी वाजते. मला स्वतःला हे नियोजन तेव्हा फार आवडलं होतं. आजही कार्यालयात बैठक घेते तेव्हा रिसीव्हर काढायचा नियम मी कधीच करत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

माणसं आली, कारण रविवारी फुकट चहाला कोणीही येतं. बायका एका भिंतीला, पुरुष दुसऱ्या. आई बायकांच्या मधोमध बसली. सकाळी मोठं पातेलं घासताना काढून ठेवलेल्या बांगड्या परत घालायला तिला वेळ झाला नव्हता. पहिलं मिश्रण स्टीलच्या पेल्यांतून फिरलं. बाबांनी त्यात दादाला हरवण्याइतकी मिरी घातली होती. पहिल्या घोटाला सगळे गप्प झाले, दुसऱ्याला नाकं वाहायला लागली, तिसऱ्याला देशपांडेकाकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खालांनी ओढणीने डोळे पुसले. आईला दरदरून घाम सुटला, तिने पदराने चेहरा खसखसून पुसला आणि कपाळावरची टिकली पदराबरोबर गेली. नियमाप्रमाणे कोणी बोलत नव्हतं. फक्त मुसमुसण्याचा आवाज येत होता. बाबा आत गॅसपाशी दुसऱ्या मिश्रणावर नजर ठेवून उभे होते.

आणि नेमक्या याच घडीला पारूबाई दारात आली. पारूबाई आपट्याची. दर रविवारी टोपलीत मुळा-माठ घेऊन आमच्या इमारतीत फिरायची, आणि तिचा गळा असा की आम्हाला ती पहिल्या मजल्यावर असतानाच भाव कळायचे. त्या दिवशी तिने दारातल्या चपलांचा ढीग पाहिला. पांढऱ्या चादरी पाहिल्या. हातात कोरा चहा घेऊन डोळे पुसणारी माणसं पाहिली. मधोमध बसलेली आई पाहिली, मोकळ्या हातांची, कोऱ्या कपाळाची. बाबा कुठेच दिसले नाहीत. तिने डोक्यावरची टोपली उतरवली, माठाची एक जुडी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि पदर तोंडावर दाबून पायऱ्या उतरून गेली. एरवी "येतं गो बाय" म्हटल्याशिवाय ती हलायची नाही. मयताच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत, आणि दारातून 'कोण गेलं' असंही विचारत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण मी तेव्हा पेले मोजून परत घेत होते आणि मनात म्हटलं, आज भाजी फुकट देऊन गेली, चांगलंय.

दुसरं मिश्रण झालं. मध्ये तोंड धुवायला कोमट पाणी आणि कोरे कुरमुरे. कोणी उठू बघितलं तर बाबा चपलांपाशी उभे होते. "एका कपाने चव कळत नाही," ते म्हणायचे. लोकांनी मतं दिली. देशपांडेकाका आयुष्यभर चहाच्या मळ्यातच राहिल्यासारखे म्हणाले, "मिरी जरा पुढे आलीय. बाकी मागचे घटक दबकून आहेत." खाला म्हणाल्या, "भाईसाब, इसमें चाय भी डाली है ना?" बाबांनी दोन्ही मतं कौतुक म्हणून घेतली. बाहेर ऊन चढलं, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि तिसरं मिश्रण उकळायला ठेवलं होतं, तेवढ्यात खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बांबू एकमेकांवर आपटल्याचा.

देशपांडेकाका गॅलरीत जाऊन वाकून बघून आले. "आपल्या बिल्डिंगमधलं कोणीतरी गेलं वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले. "टॉवेल खांद्यावर टाकलेली माणसं उतरतायत. मडकंसुद्धा आणलंय."

"कोण हो?" आईने विचारलं.

"आता वर येतील तेव्हा कळेल."

कळलं. जिन्यातून हंबरडा आला, "बारक्याऽऽ, माज्या बारक्याऽऽ, मला न सांगता कसा रं गेलास!" आणि दारात काका उभे राहिले. दोन गणपतींत ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांच्यामागे जिनाभर भावकी. सगळी बैठक पेले हातात धरून उठून उभी राहिली, त्यामुळे आलेल्यांच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही गेली. काकांनी आईकडे पाहिलं, मान खाली घातली आणि फुटक्या आवाजात विचारलं, "कुटं ठेवलाय?"

आईच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट होती. "आत," ती गोंधळून म्हणाली. "गॅसवर."

काका जागच्या जागी खाली बसले. मग आतून बाबा आले, दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं वाफाळतं पातेलं घेऊन. "कोण आलंय?" म्हणत मान वर केली आणि तसेच थिजले.

"दादा?" बाबा म्हणाले. "तू कसा काय?"

"तुला न्यायला आलो," काका म्हणाले. मग बाबांच्या पायांकडे, पातेल्याकडे, पुन्हा पायांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा रडण्यातून रागात असा गेला की मधलं स्टेशन लागलंच नाही. "मेला नायस तं सांगायचं नाय व्हय?"

"मी मेलो असं कोण म्हणालं?"

"पारू सांगत आली. सूनबायचं कपाळ बघून आली ती. फोन लावून बोटां दुखली माजी, सारका एंगेज. मी म्हटला, समद्यांना कलवत असतील, आमाला शेवटी कलवतील. भावकी गोला केली, टेम्पो केला. रविवारी तुमच्या ह्या कॉलनीत बांबू मिलतो का नाय म्हनून बांबू घेतले. आनि तू चा करतोयस!"

आईने कपाळाला हात लावला तेव्हा कुठे तिला टिकलीचं कळलं. खाला आत धावल्या आणि आमच्याच आरशावर चिकटवलेली एक टिकली आणून तिच्या कपाळावर लावून मोकळ्या झाल्या. कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू काकांना झोंबलं. ते उठले. "जित्या मानसाच्या घरात कोरा चा," ते म्हणाले. "काय अभद्र खूल हाय ह्यो! पी तूच. चला रे."

बाबांनी पातेलं खाली ठेवलं. "दादा, घोटभर घेऊन बघ. मी बनवलाय."

"दूध घाल, मग घेतो."

मी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे. दोन वर्षं ज्या पावलांची वाट बघितली ती पावलं घरात उभी होती आणि परत वळायच्या बेतात होती. बाबांच्या तोंडात जे बसलं होतं तेच बाहेर आलं. "दूध घातलं की तरतरी मरते, दादा."

"मरू दे!" काका ओरडले. "आज काय तरी मरू दे. येवढी मानसां आनलीत मी!"

बाबा आत गेले, फ्रीज उघडल्याचा आवाज आला, आणि दुधाची दोन्ही पाकिटं घेऊन ते बाहेर आले. दाताने कोपरा फाडून त्यांनी ती त्या काळ्याकुट्ट पातेल्यात स्वतःच्या हाताने रिकामी केली. सगळ्यांच्या नजरा त्या रंगावर होत्या. पुन्हा उकळी आणून पहिला पेला त्यांनी काकांना दिला. काकांनी बशीत ओतून फुर्रकन ओढला. बाबा असे उभे होते जसे कारखान्यात मोठा साहेब यायचा तेव्हा उभे राहत असतील.

"मिरी जास्ती हाय," काका म्हणाले. मग दुसरा घोट. "पन बरा हाय. खालच्या पोरांना पन दे. उन्हात हायत ती."

सगळ्या भावकीने चहा घेतला. देशपांडेकाकांनी घरून आणखी दूध आणून दिलं आणि म्हणाले, "आता कसे सगळे घटक मिळून आले." स्पष्ट सांगायचं तर ती तरतरी चहाची पहिली चव होती जी माणसाला घेता येत होती. बाबांनी ते आयुष्यभर मान्य केलं नाही. पुढे चहा पनवेलच्या एका दुकानात फळीवर लागलाही, आणि पुड्यावर त्यांनी ठळक अक्षरांत दूध घालू नये असं छापून घेतलं. लोक घरी नेऊन दूध घालत आणि पुन्हा मागायला येत.

पण त्या दुपारी आणखी एक काम उरलं होतं. आपट्याच्या अंगणात बायका रडत बसलेल्या होत्या. काकांनी आमच्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवून घरी फोन लावला आणि काकींना सांगितलं, "अगो, बारक्या जिता हाय. चा पितोय." पलीकडचं ऐकून त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. "म्हनते, तुमी धीर धरा, असा डोका फिरवून घेव नका. विश्वास ठेवत नाय ती. तुला दाखवावा लागल." बाबांनी एक क्षण विचार केला. दादा आधी दारात आला होता, याची त्यांच्या मनात नोंद झालेली मला स्पष्ट दिसली. येण्याचं कारण काय, हा मुद्दा त्यांनी गौण ठरवला आणि चपला शोधायला लागले. आईने तोवर कुलूपकिल्ली हातात घेतली होती आणि मला पापडांची पिशवी काढायला सांगितलं होतं. आम्ही तिघं टेम्पोत बसलो. बाबा बांबूंच्या शेजारी, काकांच्या बाजूला. देशपांडेकाका खाली येऊन हात हलवत होते. त्यांना अंत्ययात्रेला जायचं की सहलीला निरोप द्यायचा हे ठरवता आलं नसावं, कारण त्यांनी आधी नमस्कार केला आणि मग टाटा.

आपट्याला टेम्पो थांबला तशी बायकांनी रडण्याचा सूर चढवला. बाबा उडी मारून उतरल्यावर तो एकदम तुटला. पारूबाई फणसाच्या झाडामागे गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. काकी पुढे आल्या, बाबांना नखशिखान्त न्याहाळलं, दंडाला चिमटा काढला आणि मग पाठीत असा धपाटा घातला की आवाज नदीपर्यंत गेला असेल. "वाडीत एक चूल पेटली नाय तुज्या नावानं!" त्या म्हणाल्या. "पोरां उपाशी हायत!" मग आईच्या गळ्यात पडल्या आणि दोघी रडल्या, ते रडणं मात्र खरं. दुपार कलल्यावर चुली पेटल्या. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, वांगं, भाजलेले आमचे पापड आणि ताक. त्या दिवसाइतकी भूक मला पुन्हा कधी लागलेली नाही.

पंगतीत काकांनी बाबांना आपल्या उजव्या हाताला बसवलं, स्वतः डाव्या हाताने जेवत असल्यामुळे. जेवण होईपर्यंत ते सगळ्या भावकीसमोर बाबांना बोलतच होते. अक्कल नाय. धंदा कलत नाय. चा विकनार म्हनं, दूध घालत नाय आनि चा विकनार! बाबा खाली मान घालून भाकरी मोडत होते आणि एका शब्दानेही उलट बोलत नव्हते, जे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आले तेव्हा मला कारण दिसलं. काकांनी आपल्या मोकळ्या उजव्या हातात बाबांचं डावं मनगट पकडून ठेवलं होतं, बाजारातून आणलेली शेळी धरतात तसं, घट्ट. ते त्यांना स्वतःला माहीत होतं की नाही कोण जाणे. बाबांचा उजवा हात चटणीने माखलेला, डावा काकांच्या मुठीत. ताकाची वाटी समोर तशीच भरलेली होती. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. मान वर करून मला हळूच म्हणाले, "जरा ताक पाज गं." आणि कॉलेजात जाणाऱ्या मी, भर पंगतीत वाकून, माझ्या धडधाकट बापाच्या तोंडाला वाटी लावली. वर काकांचं चालूच होतं.